दुसरी खेप

गेल्या महिन्यात मिरजेस आमच्या घरी नातवाचे बारसे झाले. पाळणा सजला, घुगऱ्या वाटल्या, कानात कुर्र झाले, ओट्या भरल्या. आणि चहाच्या वेळी माजघरात बायकांचे जे बोलणे निघाले ते बाहेरच्या खोलीत बसलेल्या आमच्या कानी आले. शेजारच्या काकू सूनबाईंच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे पाहून म्हणाल्या, "जागरणं होत असतील ना गं? पण तुला काय, दुसरी खेप. आता सवयीची झालीस." सगळ्या हसल्या. सूनबाईही हसल्या. मात्र हसता हसता त्यांच्या हातातला कप बशीवर जरा जोराने वाजला, आणि आम्ही हातातले वर्तमानपत्र खाली ठेवले.

काकूंवर आमचा राग नाही. बाळंतिणीसाठी अळिवाचे लाडू घेऊन येणाऱ्या त्या एकट्याच होत्या. आमचा राग आहे तो त्यांच्या तोंडून निघालेल्या वाक्यावर. कारण ते वाक्य एकट्या काकूंचे नव्हे. ते तुमच्या आमच्या, शिकल्यासवरल्या म्हणविणाऱ्या प्रत्येक घरचे आहे. आमच्या घरी तर ते सत्तावीस वर्षांपूर्वीही उच्चारले गेले होते, आणि उच्चारणारे अन्य कोणी नसून आम्हीच होतो. त्याचा जबाब पुढे द्यावयाचा आहेच. तूर्त त्या वाक्याची झडती घेऊ.

'सवयीची झालीस' हे शब्द वरवर कौतुकाचे दिसतात, पण त्यांचे काम निराळे आहे. ते म्हटले की बाळंतिणीभोवतालचे हात एकेक करून मागे घेता येतात, आणि घेणाऱ्यास अपराधी वाटत नाही. थोरल्या नातीच्या वेळी सूनबाई माहेरी होत्या. त्यांच्या आईने महिनाभर रजा काढली होती, मावशी आळीपाळीने येऊन राहत होत्या, बाळाला न्हाऊ घालणारी बाई तीन महिने होती, आणि आमचे चिरंजीव दर शनिवारी तीर्थयात्रेस निघाल्याच्या भाविकपणाने तिकडे जात होते. पहिलटकरणीला फळीवरचा डबाही कोणी काढू देत नव्हते. या खेपेस माहेरची आई गुडघ्यांनी बसलेली; शिवाय 'पहिले माहेरी, दुसरे सासरी' हा आपला रिवाज. न्हाणाऱ्या बाईस सव्वा महिन्याचेच बोलणे झाले. चिरंजीवांनी रजा काढली ती चार दिवसांची. मावशींनी दूरध्वनीवरून आशीर्वाद दिले. यांपैकी कोणाही माणसाच्या ठायी प्रेम कमी नव्हते. कमी झाली ती काळजी, आणि ती कमी करण्याचा परवाना त्या एका वाक्याने दिला होता.

आता ज्या पाहुण्यापायी हे सारे चालले आहे, त्याची बाजू ऐका. आईची ही दुसरी खेप असेल; बाळाची पहिलीच आहे. त्यास आपल्या थोरल्या बहिणीच्या वेळचा काही अनुभव नाही. नवजात अर्भक चोवीस तासांतले साधारण चौदा ते सतरा तास झोपते हे खरे, परंतु ती झोप तुकड्यातुकड्यांची. त्याचे पोट लहान, आईचे दूध लवकर पचणारे; म्हणून दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा त्यास पाजावे लागते. दिवस कोणता आणि रात्र कोणती हे सांगणारे शरीरातले घड्याळ जन्मतः लागलेले नसते. ते लागू लागण्यास साधारण दोन-तीन महिने जातात. यात बाळाचा दोष नाही, आईच्या अनुभवाचा उपयोग नाही, आणि आजीच्या घुटीचाही नाही.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही एक उद्योग केला. रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत बाहेरच्या खोलीत वही घेऊन बसलो आणि बाळंतिणीच्या खोलीच्या दाराखालच्या फटीतून दिवा केव्हा लागतो नि केव्हा मालवतो ते टिपून ठेवले. दिवा लागला १०-५० ला, मालवला ११-४० ला. पुन्हा १-०० ते १-५५. पुन्हा ३-०५ ते ४-१०. पुन्हा ५-०० ते ५-४०. सहाच्या ठोक्याला थोरली नात उठून 'आई' म्हणून हाका मारू लागली, तेव्हा आम्ही वही मिटली. आठ तासांपैकी साडेतीन तास दिवा जळत होता. उरलेले साडेचार तास, दिवा मालवताक्षणी डोळा लागला असे उदारपणे धरले तरी, पाच तुकड्यांत विभागलेले. त्यांतला सर्वांत मोठा तुकडा ८० मिनिटांचा. त्याच रात्री चिरंजीव माडीवर, सकाळच्या गाडीने कोल्हापुरास कामावर जावयाचे म्हणून, अखंड सात तास झोपले होते. आम्ही आयुष्यभर उत्तरपत्रिकांतले गुण मोजले; घरातल्या झोपेची बेरीज मात्र त्या रात्री प्रथम केली.

यावर प्रतिपक्ष म्हणेल, 'एवढे सोसवते, हाच सवयीचा पुरावा.' येथेच खरी गफलत आहे. सवय दोन प्रकारची असते. हातांची सवय होते, हे आम्हांस मान्य आहे. पहिल्या खेपेस लंगोट बांधताना थरथरणारी बोटे दुसऱ्या खेपेस अंधारातही चालतात; कोणते रडणे भुकेचे आणि कोणते पोटदुखीचे हे कान ओळखतात; ताप पाहून मध्यरात्री घरभर धावपळ होत नाही. पण झोपेवाचून राहण्याची सवय शरीरास होत नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात या गोष्टीचा कस लावला गेला, आणि त्याचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. धडधाकट माणसांस चौदा रात्री सहा तास किंवा त्याहून कमी झोपू दिले, आणि त्यांचे अवधान रोज मोजले. ते दिवसेंदिवस उतरतच गेले. शेवटी एक-दोन रात्री मुळीच न झोपलेल्या माणसाइतके खाली आले. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की त्या माणसांस स्वतःस मात्र ही घसरण फारशी जाणवत नव्हती. आपण सरावलो असेच त्यांस वाटत होते. ज्यास आपण सवय म्हणतो ती पुष्कळदा एवढीच असते: माणूस थकणे थांबत नाही, थकल्याचे समजणे थांबते. अशा बाईने 'मला काही होत नाही हो' म्हटले तर ती खोटे बोलत नसते. पण घरच्यांनी ते खरे मानावे असेही नव्हे.

न्याय्य वादात प्रतिपक्षाचा सबळ पुरावा लपवू नये, म्हणून तोही मांडतो. जर्मनीत साडेचार हजारांहून अधिक आईबापांची वर्षानुवर्षे पाहणी करून २०१९ साली काही निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बाळाच्या जन्मानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत, गरोदरपणापूर्वीच्या मानाने, आयांची झोप दर रात्री सुमारे ६२ मिनिटांनी घटली, बापांची १३ मिनिटांनी. आणि प्रथमच आईबाप झालेल्यांस हा फटका अनुभवी आईबापांपेक्षा अधिक बसला. 'पाहा,' काकू म्हणतील, 'आम्ही तेच सांगत होतो.' परंतु त्याच पाहणीत दुसरीही एक गोष्ट आढळली आहे. पहिल्या बाळानंतर सहा वर्षे लोटली तरी आईबापांची झोप पूर्ववत झालेली नव्हती. आता हिशेब करा. थोरले अपत्य साडेतीन वर्षांचे असताना धाकटे येते, तेव्हा आई भरल्या हौदातून पाणी काढीत नसते. अर्ध्या हौदातून काढीत असते. उतार कमी दिसतो, याचे एक कारण मुळातली पातळीच खाली गेलेली होती हे असू शकते. कर्जबाजारी माणसाने दुसऱ्यांदा कर्ज काढले, तर रक्कम थोडी म्हणून त्याचे बरे चालले आहे असे कोणता सावकार म्हणेल?

शिवाय रात्रीच्या तोट्याची भरपाई दिवसा करण्याची वाट दुसऱ्या खेपेस बंद झालेली असते. 'बाळ झोपलं की तूही झोपत जा' हा उपदेश आम्ही बारशाच्या दिवशी किमान सात तोंडांतून ऐकला. पहिलटकरणीस तो काहीसा लागू पडतो. दुसऱ्या खेपेस बाळ झोपते तेव्हा थोरले जागे असते, आणि नुसते जागे नसते. कालपर्यंत घरातले एकुलते एक माणूस असलेल्या त्या जिवाला आपले राज्य गेल्याचे कळलेले असते. आमची नात, जी वर्षभरापूर्वी आपल्या हाताने जेवू लागली होती, ती आता आईनेच भरवावे म्हणून हटून बसते, आणि आईने बाळाला पदराखाली घेतले की नेमकी तेव्हाच तिला शी लागते. याला हट्ट म्हणणे सोपे आहे. खरे पाहता तीही आपल्या परीने रात्रपाळीच करीत असते. तिचेही पहारे चाललेले असतात. दोन मुलांच्या दोन घड्याळांमध्ये जी फट उरते, तीत आईने झोपावे, जेवावे, न्हावे आणि वर पाहुण्यांशी हसून बोलावे अशी आपली व्यवस्था आहे.

वडीलधाऱ्या स्त्रियांचा आक्षेप याहून करारी असतो: "आम्ही नाही का सहा सहा वाढवली? आम्हाला कुठं कुणी झोप मोजून दिली?" या प्रश्नापुढे मान लववूनच उत्तर द्यावे लागते. मोजून दिली नाही, हे खरे. आणि तो अन्याय होता. अन्याय सोसणाऱ्याविषयी आदर बाळगावा, अन्यायाविषयी नव्हे. शिवाय त्या घरांत हात पुष्कळ होते. एकत्र कुटुंबात जावा होत्या, विधवा आत्या होत्या, आणि कडेवर भाऊ घेऊन वावरणारी आठ-नऊ वर्षांची थोरली मुलगी होती, जिची शाळा त्यापायी बुडत असे. त्या व्यवस्थेतली झोप कोणाच्या तरी बालपणातून आणि कोणाच्या तरी वैधव्यातून कापून घेतलेली होती. ती व्यवस्था मोडली याचे आम्हांस दुःख नाही. दुःख याचे की तिच्यातले हात गेले आणि तिच्यातली अपेक्षा तेवढी राहिली.

आणि जेथे हातही नव्हते तेथे काय होत असे, याचीही साक्ष उपलब्ध आहे. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रिया, त्यांत आपल्या सातारा-रत्नागिरीकडच्या कितीतरी, तान्ह्या मुलांस 'बाळागोळी' देत. तीत अफू असे. मूल गुंगीत पडून राही आणि आई पाळीवर जाई. सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांच्या १९२२ सालच्या चौकशीत गिरणीकामगार स्त्रियांच्या जवळजवळ सर्व अर्भकांस अफू दिली जात असल्याचे नमूद झाले. त्या आया निर्दय नव्हत्या. ज्या जागरणाचा भार समाजाने उचलला नाही, तो त्यांनी मुलाच्या शरीरावर टाकला, कारण दुसरी जागाच उरली नव्हती. १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात मातृत्वलाभाचे विधेयक आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचा पुरस्कार करताना, प्रसूतीच्या आधी व नंतर आईस विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे प्रतिपादिले. १९२९ साली तो कायदा झाला. आईची विश्रांती ही घरातल्या मर्जीची नव्हे, हक्काची बाब आहे, हे या प्रांतात जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी ठरलेले आहे.

आजचा कायदा तर या एका बाबतीत आपल्या घरांहून शहाणा आहे. २०१७ सालच्या दुरुस्तीने नोकरदार स्त्रीस २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली ती पहिल्या अपत्यास आणि दुसऱ्या अपत्यास सारखीच. पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तेच प्रमाण राहिले. कायदेमंडळाने 'दुसरी खेप, आता सवयीची झाली' म्हणून दहा आठवडे कापले नाहीत. बापाच्या बाबतीत मात्र कायद्याचीही जीभ अडखळते. केंद्र सरकारच्या पुरुष नोकरास दुसऱ्या अपत्यापर्यंत १५ दिवसांची पितृत्वरजा आहे. खासगी आस्थापनेतल्या बापास ती दिलीच पाहिजे असा देशव्यापी कायदा नाही. चिरंजीवांच्या चार दिवसांचे मूळ येथे आहे.

आणि जिच्याकडे नोकरीचा कागदच नाही, तिचे काय? आमच्या नातवास न्हाऊ घालणाऱ्या बाईंची स्वतःची मुलगी नुकतीच दुसऱ्यांदा बाळंत झाली. ती द्राक्षबागेत रोजाने जाते. तिला २६ आठवडे नाहीत. दोन महिन्यांच्या आत ती बागेत परतली. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या अपत्यास ५,००० रुपये मिळतात. २०२२ पासून दुसऱ्या अपत्यास ६,००० मिळू लागले, पण ते अपत्य मुलगी असेल तरच. यामागचा हेतू आम्ही हसण्यावारी नेत नाही. मिरज तालुक्यातल्याच म्हैसाळ गावी २०१७ साली पुरलेले १९ भ्रूण सापडले. आम्हां मिरजकरांस तरी मुलीच्या स्वागताची थट्टा करण्याचा अधिकार नाही. मुलीसाठी जे द्यावयाचे ते द्यावे, अधिक द्यावे. परंतु बाईंच्या मुलीस दुसरा मुलगा झाला, म्हणून तिची रात्र काही लहान झाली नाही. जागरणाचा हिशेब मुलगा की मुलगी यावरून ठरत नसतो.

आता आपल्या गावाकडे पाहू. जागण्याचा हिशेब ठेवणारे मिरजेइतके जाणकार गाव थोडे असेल. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली येथे रुग्णालय उभारले तेव्हापासून हे वैद्यकाचे गाव. दवाखान्यातली परिचारिका रात्रपाळी करते तेव्हा ती पाळी तक्त्यावर लिहिलेली असते. सकाळी दुसरी येऊन तिला मोकळी करते. 'तुला सवय झाली, आता तूच दिवसपाळीही कर' असे तिला कोणी म्हणत नाही. मिरज हे रेल्वेचे मोठे जंक्शन. रात्रभर गाडी हाकणाऱ्यास विसावा दिल्यावाचून पुन्हा गाडीवर चढवू नये, असे नियम आहेत. कारण त्याची डुलकी शेकडो जिवांवर बेतेल. ऑस्ट्रेलियात १९९७ साली दोघा संशोधकांनी दाखवून दिले की सतरा तास सलग जागलेल्या माणसाचे अवधान मद्य घेतलेल्या माणसासारखे ढळते. मग न्हाणीघरात कढत पाणी विसणणारी, ओल्या फरशीवरून तान्हे मूल नेणारी, अर्धवट मिटल्या डोळ्यांनी औषधाचे थेंब मोजणारी आई जोखमीचे काम करीत नाही, असे का समजावे? डॉक्टर बजावतात की बाळाला घेऊन सोफ्यावर वा आरामखुर्चीत डोळा लागणे विशेष घातक आहे. पण तो मुद्दाम कोण लावतो? ज्याला पाळी बदलून मिळत नाही त्याचाच लागतो.

याच मिरजेत जागरणाला मानही आहे. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांनी १९३७ साली देह ठेवला. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात ते विसावले आहेत. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते, तेथे आम्ही रात्र रात्र बसलो आहो. पहाटे डोळे तांबारलेले घेऊन घरी आलो की आमची मंडळी चहा ठेवीत, मुलांना गप्प बसवीत, आणि म्हणत, 'हळू बोला, रात्रभर गाणं ऐकलंय त्यांनी.' दुपारी बारापर्यंत आमच्या खोलीकडे कोणी फिरकत नसे. पुरुषाने गाण्यासाठी जागावे ती रसिकता; बाईने मुलासाठी जागावे ती सवय. एकाच घरात, एकाच छपराखाली, जागरणाचे हे दोन भाव चालतात.

आपल्या जुन्या चालीरीतींत मात्र एक खूण शिल्लक आहे. पाचवीच्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी ललाटलेख लिहावयास येते, म्हणून पाट-पूजा मांडतात, दिवा तेवत ठेवतात आणि बायका जागतात. आम्ही सटवाईवर विश्वास ठेवीत नाही, पण ज्या कोणी ही चाल घातली तिला एक गोष्ट ठाऊक होती: बाळाभोवती घराने जागावयाचे असते, एकट्या आईने नव्हे. आपण ती चाल पाळली आणि तिचे तात्पर्य सांडले. पाचव्या रात्री सारे घर जागते. सहाव्या रात्रीपासून ती एकटी.

येथे आमचा कबुलीजबाब. सत्तावीस वर्षांपूर्वी आमच्या धाकट्या कन्येचा जन्म झाला तेव्हा सकाळी साडेसातला आमचा पहिला तास असे. आम्ही पहिल्याच आठवड्यात गादी उचलून अभ्यासिकेत नेली. मंडळींनी एकदा, फक्त एकदाच, विचारले, "अहो, एखादी रात्र तुम्ही घ्याल का?" त्यावर आम्ही जे बोललो ते बारशाच्या दिवशी काकूंच्या तोंडून जसेच्या तसे ऐकले. त्या वर्षी आम्ही 'मॅकबेथ' शिकवीत होतो. राजाचा खून केला त्याची शिक्षा म्हणून त्या नायकाची झोप कायमची उडते, याचे मर्म विद्यार्थ्यांस मोठ्या रंगात येऊन समजावीत होतो. ज्याने जीव घेतला त्याला जी शिक्षा, तीच जिने जीव दिला तिला आपल्या घरी चालू आहे, हे आमच्या लक्षात आले नाही. पुढे कित्येक महिने मंडळी क्षुल्लक कारणाने रडत. आम्ही त्याला 'स्वभाव' म्हटले, डॉक्टरकडे नेले नाही. बाळंतिणीचे सततचे रडणे आणि उदासी हा आजार असू शकतो, त्यावर उपचार असतात, आणि झोपेची आबाळ त्याला खतपाणी घालते, हे ज्ञान आम्हांस फार उशिरा झाले. मध्यंतरी आम्ही मंडळींची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या, आता काय त्याचं." ते शब्द क्षमेचे होते की नाही, हे आम्ही अजून ठरवू शकलो नाही.

वहीतली ती रात्र आम्ही चिरंजीवांसमोर ठेवली. त्यांनी पहिला आक्षेप घेतला तो सर्वच बाप घेतात तो: "बाबा, दूध तर तिलाच पाजायचं. मी उठून काय करणार?" आम्ही हिशेब मांडला. दिवा २१० मिनिटे जळत होता. चार वेळचे पाजणे, दर वेळी पंचवीस मिनिटे धरले, तर १०० मिनिटे झाली. उरलेली ११० मिनिटे ढेकर काढणे, लंगोट बदलणे, खांद्यावर घेऊन फेऱ्या मारणे आणि पाळण्याची दोरी ओढणे यांत गेली. या कामांस दुधाची गरज नाही. ही कामे करण्यास अनुभवाचीही गरज नाही, आणि तो लागत असल्यास चिरंजीवांचीही ही दुसरीच खेप आहे. सवयीचा न्याय लावावयाचा तर दोघांस सारखा लावा.

त्या दिवसापासून आमच्या घरी पाळ्या लागल्या आहेत. रात्री नवाचे पाजणे झाले की सूनबाई माडीवर झोपतात. खालची खोली एक वाजेपर्यंत चिरंजीवांची. मधले एक पाजणे आईनेच काढून ठेवलेल्या दुधावर, वाटी-चमच्याने होते. स्तनपान नीट बसल्यावर हे करण्यास डॉक्टरांची हरकत नव्हती. पहाटे पाचपासून बाळ आजीच्या मांडीवर, सहापासून थोरली नात आमच्या ताब्यात. तिला घेऊन आम्ही स्टेशनवर गाड्या पाहावयास जातो. बारसे झाले, आता भेटीस येणाऱ्यांनी दुपारी एक ते चार येऊ नये, असे आम्ही नम्रपणे कळवून टाकले, दोघे-तिघे रागावले. न्हाणाऱ्या बाईंस तीन महिन्यांचे बोलून पगारी ठेवले आहे, आणि त्यांच्या मुलीस बाळाला घेऊन त्यांच्याबरोबर यावयास सांगितले आहे. ती आमच्या माजघरात तासभर झोपते. याने तिचा प्रश्न सुटत नाही, हे आम्ही जाणतो. सूनबाईंचा सर्वांत मोठा अखंड तुकडा ८० मिनिटांवरून साडेतीन तासांवर आला आहे. थोरलीने परवा आपल्या हाताने भात खाल्ला.

आणि चिरंजीवांच्या डोळ्यांखाली आता वर्तुळे आली आहेत. परवा शेजारच्या काकूंनी त्यांना गाडीसाठी निघताना पाहिले आणि कळवळून म्हणाल्या, "अगंबाई, पोराचं काय हे झालंय! झोप होत नाही वाटतं?" चिरंजीव म्हणाले, "नाही होत काकू. पण दुसरी खेप आहे, होईल सवय." काकू हसल्या नाहीत.